दातांनी ओढायचं धनुष्य

४ ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज थोडं लिहा, हात वळेल. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, मनातलं लिहा. माझ्या मनातलं वाचलं तर बाई दुसऱ्या पेशंटकडे पळून जातील, म्हणून ही वही त्यांना दाखवायची नाही.

आधी हकीकत. रस्त्यावर तेल सांडलं होतं, स्कूटर घसरली, मी उजव्या खांद्यावर आपटले आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या. हात जागेवर आहे, झोळीत असतो. त्याला गरम कळत नाही, गार कळत नाही, बोट हलत नाही. ऑपरेशनं झाली. आता डॉक्टर नुसतं खांद्यावर थोपटतात, तेही डाव्या.

मी धनुर्धर आहे. 'आहे' म्हणायचं की 'होते', ते ठरत नाहीये. कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, अंतर पन्नास मीटर. निम्मं आयुष्य तेच केलं आणि मैदानावर तेच शिकवलं. बाकी मला काही येत नाही. स्वयंपाक आईचा, घरातली दुरुस्ती नवऱ्याची, आणि गोड बोलणं तर आमच्या घराण्यातच नाही.

काल सर आले. मला धनुष्य हातात धरायला शिकवलं ते सर. त्यांनी फोनवर एका माणसाचा व्हिडिओ दाखवला. त्याला उजवा हातच नाही. दोरीला चामड्याची छोटी पट्टी बांधलेली, ती तो दाढांत धरतो, डाव्या हाताने धनुष्य पुढे ढकलतो आणि तोंड उघडलं की बाण सुटतो. मी परत परत पाहिला. सर म्हणाले, डिसेंबरअखेर निवड चाचणी आहे, तुझं नाव देऊन आलोय. मी म्हटलं, आधी विचारायचं तरी. "विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस," म्हणाले. खरं आहे.

चाचणीत लागतात तेवढे गुण मिळाले तर संघात जागा आणि मैदानावर शिकवणंही परत. नाही मिळाले तर धनुष्य देऊन टाकायचं, कायमचं. हे सरांनी नाही, मी ठरवलंय. मला अधांतरी राहता येत नाही.

७ ऑक्टोबर

आज मिस्त्रीशी भांडले. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून मी त्याला मिस्त्री म्हणते आणि तो मला मास्तरीण म्हणतो. आमची उंची अगदी सारखी. लग्नात शेजारी उभं केलं तेव्हा त्याचा मामा म्हणाला होता, यांच्या डोक्यांवर फळी ठेवा, पाण्याचा थेंब घरंगळायचा नाही.

झालं असं की तो मापाची टेप घेऊन आला. धनुष्य आता हाताने नाही, दातांनी ओढायचं, म्हणजे दोरी कमी मागे येणार. ओढीची लांबी कमी करायला हवी. किती कमी, ते कळायला डाव्या तळव्यापासून दातांपर्यंत माप घ्यायला हवं. सगळं बरोबर. मी हात पुढे करून उभी राहिले. त्याने मला सरळ उभं करायला दुसरा हात माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला. ठेवलेला मला आरशात दिसला. अंगाला कळला नाही.

मग मी काय काय बोलले ते लिहीत नाही. टेप खिडकीतून खाली फेकली. त्याने ती खाली जाऊन आणली आणि कपाटात ठेवली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याच्या जागी मी असते तर तुलाच टाकलं असतं खाली." आई माझी आहे, पण बाजू कायम जावयाची.

संध्याकाळी विचारलं, मापाशिवाय कसं करणार? म्हणाला, "करतो मी. आपली उंची तर एकच आहे." पुन्हा तोच जुना विनोद. मला हसू आलं नाही.

१५ ऑक्टोबर

धनुष्य तयार आहे. चाकावर अर्धचंद्राच्या आकाराचा एक तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, मॉड्यूल. तो सरकवला की दोरी कुठवर मागे येणार ते बदलतं. वरच्या आणि खालच्या चाकावर सारखाच सरकवावा लागतो, नाहीतर धनुष्य तिरकं ओढतं. मिस्त्रीने हे सगळं नीट केलं. केबल आणि चाकं म्हणजे त्याचा रोजचाच संसार. पूर्वीपेक्षा एक इंच आखूड केलं, म्हणाला. ऐकायला बरोबर वाटलं.

गच्चीवर गेले, दार लावून घेतलं. दातांत पट्टी धरली की तोंडातून लाळ गळते. हनुवटीवरून खाली येते आणि पुसायला दुसरा हात नाही. ते कोणी बघायचं नाही, असं घरात बजावून ठेवलंय.

कंपाउंड धनुष्याची गंमत अशी की ताण आधी चढत जातो आणि शेवटी उतरतो. चढ संपून उतार लागला की चाकं फिरतात आणि हातात जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं वजन राहतं. मग निवांत नेम धरायचा. शिकायला आलेल्यांना मी सांगायचे, घाट चढेपर्यंतच दम लागतो, पुढे गाडी आपोआप जाते.

माझा घाट संपलाच नाही. ढकललं, ढकललं, दाढा कळवळल्या, उतार आला नाही. सोडून दिलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

पहिला दिवस आहे, असं स्वतःला समजावते आहे.

२४ ऑक्टोबर

तेच. रोज तेच. पूर्ण ताण दाढांवर घेऊन मी चढावर लटकलेली असते. मान मागे टाकली तर जरा जवळ पोचल्यासारखं वाटतं, पण मग मानेत कळ जाते आणि नेम कुठल्या कुठे.

मिस्त्रीला म्हटलं, पट्टी लांब आहे, आखूड कर. केली. अजून आखूड कर. केली. आता दोरी ओठाला घासते, पट्टीला आखूड व्हायला जागाच उरली नाही. धनुष्य लांब आहे का रे, असंही विचारलं. म्हणाला, "नाही. मी तपासलंय. आरामात उतरतं."

त्याचा शब्द म्हणजे शब्द. लिफ्ट दुरुस्त केली की आधी स्वतः वर-खाली जाऊन येतो, मगच लोकांना आत सोडतो. म्हणजे खोट माझ्यातच आहे. आणि मी तरी किती जणांना ऐकवलंय, नाचता येईना अंगण वाकडं असं करू नका, धनुष्याला नावं ठेवायच्या आधी स्वतःच्या हाताकडे बघा. माझं कोपर पुरतं सरळ होत नसणार. डावा दंड कमी पडतोय. उद्यापासून वजनं उचलायची.

२ नोव्हेंबर

पाण्याची बादली उचलते, खाली ठेवते, उचलते. आई म्हणते, एवढंच करायचं असेल तर फरशी तरी पुसून घे.

सरांचा फोन आला. ते लहान गटाच्या मुलांना घेऊन स्पर्धांना गेलेत, डिसेंबरच्या सुरुवातीला परतणार. कसं चाललंय विचारलं. छान चाललंय, म्हटलं. मी सरांशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

मिस्त्रीची दाढ दुखते आहे. किडली म्हणाला. गाल सुजलाय. आई त्याला मऊ भात कालवून देते आणि तो ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसतो. पूर्वी आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. दाढ दुखते म्हणून काय माणूस माझ्यासमोर बसू शकत नाही? मला कळतंय काय ते. डाव्या हाताने माझे घास सांडतात, अंगावर पडतात. बघवत नसेल. मलाही बघवत नाही, पण मला ताट घेऊन कुठे जाता येत नाही.

९ नोव्हेंबर

हिरड्यांतून रक्त आलं. चूळ भरली, बेसिन लाल झालं. आरशात पाहिलं तर डोळ्यांखाली काळं आणि हनुवटीवर पट्टीच्या रंगाचा डाग. आरशातल्या बाईला मी ओळखलं नाही, हे वाक्य लिहून खोडणार होते, पण खरंच ओळखलं नाही.

ताण कमी करून बघू, असं मिस्त्री म्हणाला. धनुष्याच्या पात्यांचे बोल्ट सैल करून दिले. चढ थोडा हलका झाला पण संपायचं नाव नाही. सुटलेला बाण गच्चीवर ठेवलेल्या निशाणाच्या ठोकळ्यापर्यंत पोचतो, पण पन्नास मीटरवर तो वाटेतच गवतात बसेल. बोल्ट परत आवळायला लावले. हल्ली तो बोलतच नाही. बोलला तरी गालावर हात ठेवून, तोंड वाकडं करून.

१४ नोव्हेंबर

आज आई आणि मिस्त्री स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी आत गेले तशी दोघं गप्प झाली. आई ओटा पुसायला लागली. पुसलेला ओटा. मिस्त्री म्हणाला, कामावरून परस्पर एके ठिकाणी जाऊन येतो, उशीर होईल. कुठे, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आला तेव्हा चेहरा उतरलेला होता आणि जेवला नाही. आई त्याच्यासाठी दूध कोमट करत बसली. मला कोणी विचारलं नाही, तुझा दिवस कसा गेला. माझा दिवस असा गेला की एकही बाण सुटला नाही.

२१ नोव्हेंबर

मान धरली आहे. दोन दिवस पडूनच होते. गच्चीवर गेले नाही आणि गच्चीवर न जाता दिवस कसा काढायचा ते मला माहीत नाही. छताकडे बघत होते. मैदानावर सकाळी ठोकळ्यांत बाण घुसतात तो आवाज आठवून रडले. कोणी मेल्यावर रडतात तसं नाही. आपल्याच घराला बाहेरून कुलूप दिसावं आणि किल्ली हरवलेली असावी, तसं.

पडल्या पडल्या गच्चीवर पावलं वाजलेली ऐकू येत होती. मिस्त्री असणार. कामावरून आला की वर जाऊन बसतो. माझ्या खोलीत यायचं टाळायला माणसाला गच्ची पुरते.

२८ नोव्हेंबर

आज त्याला सांगितलं. खूप दिवस मनात होतं. म्हटलं, तू अजून तरुण आहेस, तुला दोन हातांची बायको मिळेल. मला आईबरोबर राहू दे, तू तुझं बघ. मी रागाने बोलले नाही. एखाद्याला पत्ता सांगावा तसं सांगितलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एका इमारतीत लिफ्ट अडकली आहे, जाऊन येतो," आणि गेला. पिशवी घेतली नाही. पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळं इथेच दाराशी पडलेलं.

म्हणजे त्याला ते पटलं. नाही म्हणायला माणसाला किती वेळ लागतो?

मी खरं सांगते, कोणी वाचणार नाही म्हणून सांगते, मला उद्या उठायचं नाही. मरायचं असंही नाही. नुसतं उठायचं नाही. उठलं की हात झोळीत घालायचा, पट्टी दातांत धरायची, ढकलायचं, ढकलायचं आणि तिथेच राहायचं.

२९ नोव्हेंबर

उठले. आईने पांघरूण ओढलं. "बादली वाट बघतेय," म्हणाली.

६ डिसेंबर

लिहून टाकते, नाहीतर काहीतरी फोडेन.

सर परत आलेत. आज मैदानावर जाऊन त्यांना तोंडावर सांगायचं ठरवलं होतं, नाव मागे घ्या. अर्ध्या वाटेत धीर सुटला आणि परत फिरले. घरी आले तर आई खाली शेजारी. गच्चीचं दार ओढून घेतलेलं. म्हटलं, वारा असेल. ढकललं.

मिस्त्री होता. माझं धनुष्य त्याच्या डाव्या हातात. त्याने माझी जुनी झोळी गळ्यात अडकवून स्वतःचा उजवा हात तिच्यात घालून बांधला होता. पट्टी दातांत. लाळ हनुवटीवर. हुबेहूब मी. माझी नक्कल करत होता. मी जे दार लावून करते, कोणाला बघू देत नाही, ते तो माझ्या पाठीमागे करून बघत होता. त्याला मी दिसले तेव्हा तो काहीतरी बोलायला गेला, पण तोंडात पट्टी. त्याने धनुष्याचा ताण हळूहळू उतरवला, आणि मी जिना उतरून खोलीत येऊन कडी लावली. तो दाराबाहेर उभा आहे. उभा राहू दे.

दोन महिने मी जे सोसलं त्याची याला गंमत वाटते. आणि कडेलोट म्हणजे त्याला ते जमत होतं. मी धनुर्धर, हा लिफ्टवाला, आणि याचं कोपर छान सुटं, मान सरळ, खांदा खाली, चाकं पूर्ण फिरलेली. निवांत उभा होता. उतारावर. मला एकदाही न मिळालेल्या उतारावर हा असा उभा होता जसं काही धनुष्य त्याच्याच मापाने

त्याच्याच मापाने.

थांबले होते. परत लिहिते.

आमची उंची एकच आहे. पण मिस्त्रीला तयार शर्ट कधी बसत नाही, बाह्या मनगटाच्या वर राहतात, हात लांब आहेत म्हणून. दरवेळी मी दुकानदाराशी भांडते. मी टेप फेकली. त्याने परत विचारलं नाही. "मी तपासलंय. आरामात उतरतं." कशावर तपासलं, हे मी कधी विचारलंच नाही.

आणि दाढ.

६ डिसेंबर, नंतर

दार उघडलं. तो तिथेच जमिनीवर बसला होता, झोळी अजून गळ्यात. मी समोर बसले आणि म्हटलं, "आ कर."

त्याने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. लहान मुलासारखं त्याने तोंड उघडलं. उजवीकडची एक दाढ नाही. तिच्या शेजारची उभी चिरलेली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. काही बदललं की आधी मी ओढून बघायचो, मग तुला द्यायचो." त्याला नीट बोलता येत नव्हतं. "न तपासता तुझ्या दातांत कसं देऊ?"

"मला सांगायचं होतंस."

"तू म्हणायचीस जमत नाही. मला जमत होतं. मग मला वाटायचं, मीच काहीतरी चुकीचं करतोय. म्हणून परत परत बघायचो."

म्हणजे दोघंही तेच करत होतो. दार लावून, एकमेकांपासून लपून, एकाच धनुष्यावर दात झिजवत होतो. त्याच्यासाठी ते अगदी बरोबर होतं आणि माझ्यासाठी कधीच होणार नव्हतं.

आई वर आली. तिला सगळं माहीत होतं, दाढ काढायला तिनेच त्याला पाठवलं होतं. पण तिला वाटलं, नवरा-बायकोचं काही नवीन प्रशिक्षण असेल. मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर. मिस्त्री मधे बसून दोघींकडे बघत होता. मग मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी जा म्हटलं तेव्हा तू गेलास कसा? तो म्हणाला, "दाढेत इतकी कळ होती की लिफ्टचं कसंबसं बोललो, पुढे नाही म्हणायला तोंड उघडेना. आणि रडू येत होतं."

मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आईला ओटा पुसायचा होता.

७ डिसेंबर

माप घेतलं. मी हात पुढे करून आरशासमोर उभी राहिले. त्याने विचारलं, खांद्यावर हात ठेवू? हो म्हटलं. ठेवला. कळला नाही. मी आरशात त्याच्या हाताकडे बघत राहिले. सहन झालं असं नाही, पण हललेही नाही.

दोन बोटांचा फरक निघाला. दीड इंच! शिकवताना मी पाव इंचाकरता पोरांची झोप उडवायचे.

मॉड्यूल शेवटच्या भोकापर्यंत सरकवलं तरी अर्धा इंच बाकी राहतो. याहून लहान मॉड्यूल बसवावं लागेल, ज्यांचे हात आखूड असतात त्यांच्यासाठी मिळतं तसलं. सरांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. मग म्हणाले, मागवतो. नाव मागे घेऊ का, असं त्यांनीच विचारलं, कारण मॉड्यूल येईपर्यंत हातात काहीच दिवस उरणार नाहीत. मी म्हटलं, राहू द्या.

१९ डिसेंबर

मॉड्यूल आज आलं.

मिस्त्रीने दोन्ही चाकांचे जुने तुकडे काढले, नवे बसवले, दोन्हींवरची खूण एका रेषेत आणली. ओढ आखूड केली की ताणही उतरतो, म्हणून पात्यांचे बोल्ट थोडे आवळले. दोरीतलं बघायचं भोक डोळ्यासमोरून खाली गेलं होतं, ते वर सरकवून पुन्हा बांधलं. पट्टी नवी, मोठी, आता जागा आहे. मग सवयीने त्याने धनुष्य उचललं आणि पट्टी तोंडाकडे नेली. मी नुसतं बघितलं. त्याने धनुष्य माझ्या हातात दिलं.

गच्चीचं दार उघडंच ठेवलं. आई पायरीवर बसली.

पट्टी दाढांत धरली. ढकललं. चढ आला, तोच, ओळखीचा, आणि मी दात आवळून धरले कारण मला माहीत होतं पुढे काय होतं. पुढे काहीच होत नाही.

आणि मग वजन गेलं.

नाहीसंच झालं. चाकं फिरली, हात सरळ, कोपर सुटं, दोरी नाकाला टेकलेली, भोकातून ठोकळा दिसतोय आणि दाढांवर एवढंसं ओझं. मला नेम धरायचा होता, पण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ठोकळा दिसेना. लाळही वाहत होती. आईसमोर, मिस्त्रीसमोर. मी सोडलं नाही. जितका वेळ उभं राहता येईल तितका वेळ उभी राहिले. डावा हात थरथरायला लागला तेव्हा तोंड उघडलं.

बाण ठोकळ्याच्या कडेला लागला. वाईट. मी शिकवत असते तर त्या बाणावर पाच मिनिटं बोलले असते.

२४ डिसेंबर

साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या भिंगाच्या, सगळ्या जुन्या खुणा वाया गेल्या. ओढ आखूड म्हणजे बाण हळू, बाण हळू म्हणजे तो खाली पडणार, म्हणून साइट प्रत्येक अंतरासाठी नव्याने लावायची. मैदानावर तीस मीटरपर्यंत खुणा मिळाल्या. चाळीसवर अंदाज. पन्नासवर देवाचं नाव. मिस्त्री बाण दोरीला लावून देतो, मदतनीस म्हणून चाचणीतही त्याला मागे उभं राहता येईल, सरांनी विचारून ठेवलंय.

रात्री जबडा इतका दुखतो की आई आता दोघांनाही मऊ भात कालवते. आम्ही दोघं समोरासमोर बसून तो गिळतो. माझे घास अजून सांडतात. त्याचेही सांडतात.

३० डिसेंबर

चाचणी झाली. नाही मिळाले.

गुण कमी पडले, आणि थोडेथोडके नाही. पहिल्या फेरीत दोन बाण गवतात गेले. वारा होता, खूण अंदाजाची होती, शेवटी जबडा दगडासारखा झाला आणि तोंड उशिरा उघडायला लागलं. कारणं सगळी खरी आहेत, पण मी कारणं सांगणाऱ्यांना नेहमी हसत आले, म्हणून गप्प बसले. शेवटच्या फेरीतला एक बाण पिवळ्यात, म्हणजे अगदी मधल्या वर्तुळात होता. एकच. सर म्हणाले, पुढची चाचणी उन्हाळ्यात आहे. मी त्यांना म्हटलं, माझं ठरलं होतं, नाही मिळाले तर धनुष्य द्यायचं. ते म्हणाले, तुझं तू बघ, आणि निघून गेले. सर कधी समजूत घालत नाहीत.

आईही बघायला आली होती. येताना मी मागच्या सीटवर धनुष्याची बॅग मांडीवर घेऊन बसले होते आणि धनुष्य कोणाला द्यायचं याचा खरंच विचार करत होते. मैदानावरचे एकेक चेहरे आठवत होते. अर्थात आता त्याचं माप असं आहे की ते माझ्याशिवाय कोणाला बसायचं नाही, आधी परत लांब करायला लागेल. मिस्त्रीला सांगायला तोंड उघडलं, आणि सांगवेना.

घरी आल्यावर मिस्त्री आंघोळीला गेला तेव्हा आई माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही, पिवळं काय नि लाल काय. तिथे बसलेले सगळे तुझ्याकडे बघत होते. "मी त्याच्याकडे बघत होते," म्हणाली.

मी विचारलं, का, त्याने काय केलं?

"पोराला भरवताना आई कशी आपलंच तोंड उघडते, तसं. तू दात आवळलेस की तो मागे दात आवळायचा. तू तोंड उघडलंस की तो उघडायचा. प्रत्येक बाणाला. त्याला माहीतही नव्हतं. बाजूच्या बाईने मला विचारलं, त्यांना काही होतंय का?"

आतून पाण्याचा आवाज येत होता.

मग मी आईला म्हटलं, उद्या त्याच्या त्या चिरलेल्या दाढेचं बघायला डॉक्टरकडे जायचंय, मीच नेते बरोबर. आणि येताना मैदानावरून येऊ, चाळीस मीटरची खूण नीट लावायची राहिली आहे.